पिल्लू दारात येण्याआधी पैसे मागितले तर



घरात कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की हल्ली शोध मोबाईलवर सुरू होतो. लॅब्रडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर हवा म्हटले तर तो डोईफोडियात किंवा खकनारला सहज मिळत नाही. मग नातवंडे फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर जाहिराती पाहतात आणि आजोबांच्या मोबाईलवरून पैसे पाठवले जातात. लबाड माणसे नेमकी अशाच घरांवर टपून बसलेली असतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

प्रकार वाटतो तेवढा किरकोळ नाही. २०२१ साली देहरादूनच्या एका महिलेने ऑनलाइन पिल्लू घेण्याच्या नादात ६६ लाखांच्या आसपास रक्कम गमावली. उत्तराखंड पोलिसांच्या एसटीएफने या प्रकरणात बंगळुरूमधून कॅमेरून देशाच्या एका नागरिकाला अटक केली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये गूगल कंपनीने कॅमेरूनमधील एका व्यक्तीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. बॅसेट हाउंड जातीची पिल्ले विकण्याच्या नावाखाली खोट्या वेबसाइट चालवल्याचा तो दावा होता. या धंद्याचे धागे पार परदेशापर्यंत पोचलेले आहेत.

एका पिल्लासाठी एवढी मोठी रक्कम कोण देईल, असे कोणालाही वाटेल. पण ती एकदम दिली जात नाही, हप्त्याहप्त्याने काढून घेतली जाते.

फसवणूक कशी चालते

जाहिरातीत पिल्लू फुकट किंवा अगदी स्वस्तात असते. कारण मन हेलावणारे दिलेले असते: सैन्यातील साहेबांची बदली झाली, मुलगा परदेशी निघाला, मालकीण वारली. 'पैसे नकोत, फक्त चांगले घर हवे' असे वाक्य वाचले की आपण विरघळतो. मग प्रवासखर्च म्हणून थोडे पैसे मागतात. ते मिळाले की वाहतूक कंपनीच्या नावाने दुसराच माणूस बोलू लागतो. वातानुकूलित पिंजरा, विमा, लसीचा दाखला, क्वारंटाइन अशी एकेक मागणी येते आणि प्रत्येक वेळी सांगितले जाते की ही रक्कम परत मिळणार आहे.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. आधी १,५०० रुपये, मग पिंजऱ्याचे ६,५००, विम्याचे १२,०००, दाखल्याचे १८,०००. बेरीज झाली ३८,०००. पहिल्याच दिवशी ३८,००० मागितले असते तर कोणी दिले नसते. पण आधीचे २०,००० अडकलेले असतात, म्हणून माणूस पुढचे १८,००० देतो. शेवटी थांबतो म्हटले की धमकी येते: 'पिल्लू विमानतळावर उपाशी आहे, तुमच्यावर प्राण्यांना छळल्याचा गुन्हा दाखल होईल.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पैसे देण्याआधी काय पाहावे

१. पिल्लू प्रत्यक्ष पाहा. ते शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल करा आणि समोरच्याला कागदावर आपले नाव व आजची तारीख लिहून पिल्लाशेजारी धरायला सांगा. आधी काढलेला व्हिडिओ पाठवणे पुरेसे नाही. 'नेटवर्क नाही', 'कॅमेरा खराब आहे' अशी कारणे आली की व्यवहार तिथेच थांबवावा.

२. फोटो गूगल लेन्सवर शोधून पाहा. तेच पिल्लू दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने दिसले तर फोटो उचललेला आहे. फोटो सापडला नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

३. वय विचारा. कुत्रे पैदास व विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर चिडणारा विक्रेता आपल्या कामाचा नाही. लसीच्या कार्डावर डॉक्टरांचे नाव असते. त्या दवाखान्याचा फोन स्वतः शोधून चौकशी करा. महिन्याभराच्या पिल्लाला रेबीजची लस दिल्याची नोंद असेल तर शंका घ्या, कारण ती लस साधारण तीन महिन्यांच्या सुमारास देतात.

४. पैसे कोणाच्या नावावर जात आहेत ते पाहा. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. बोलणारा एक आणि खाते तिसऱ्याचेच, हे पुरेसे कारण आहे. खाते क्रमांक दिला असेल तर आयएफएससी कोड पाहा. त्यातील पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि शेवटची सहा शाखेची असतात. विक्रेता स्वतःला पुण्याचा सांगतो आणि खाते हजार किलोमीटरवरच्या शाखेत असेल, तर का ते विचारा.

५. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. 'परतावा पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असे कोणी म्हटले तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार, हे पक्के समजा.

६. सरकारी शुल्क कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरले जात नाही. कस्टम्स असो वा रेल्वेचे पार्सल कार्यालय, तिथे रीतसर पावती मिळते.

बँक भरपाई देईल का?

हा प्रश्न नोकरीच्या काळात आम्हाला पुष्कळदा ऐकावा लागला. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले, ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. बँकेचा दोष नसताना बाहेरच्याने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. पिल्लाच्या फसवणुकीत मात्र पिन आपणच टाकलेला असतो. त्यामुळे त्या संरक्षणावर विसंबून राहता येत नाही. पेन्शनीतले किंवा केळीच्या पट्टीतले पैसे एकदा गेले की परत मिळण्याची आशा एकाच गोष्टीवर टिकते: आपण किती लवकर कळवले.

फसवणूक झालीच तर

लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. तक्रार मिळाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. पण चोर पैसे पुढच्या खात्यात हलवतात किंवा एटीएममधून काढतात, तेव्हा प्रत्येक तास मोलाचा असतो.

व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, समोरच्याचा मोबाईल आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका, तोच पुरावा असतो. संगणक किंवा मोबाईल वापरून तोतयेगिरीने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे धमकीला घाबरण्याचे कारण आपल्याला नाही. आणि 'गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा' असे म्हणणारा दुसरा लुटारूच समजावा.

सर्वांत मोठी अडचण लाजेची असते. 'लोक काय म्हणतील, सून काय म्हणेल' या विचारात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात खाते रिकामे होते. घरातल्या तरुणांना आमची विनंती आहे की वडीलधाऱ्यांनी असे काही सांगितले तर आधी १९३० लावा, बोलायचे ते नंतर बोला. आणि लहान मुलांना खोटी आशा लावू नका. पिल्लू घरी येईपर्यंत त्याचे नाव ठेवायचे नाही. बाजारात तुरी असताना घरात भांडण कशाला?

सोपा मार्ग

आपली मंडळी इंदूर, जळगाव, अकोला, पुणे अशी सगळीकडे विखुरलेली आहेत. बाहेरगावचे पिल्लू पसंत पडले तर त्या गावातल्या आपल्या माणसाला फोन करून 'जरा जाऊन पाहून या हो' म्हणावे. खरा मालक आनंदाने घरी बोलावतो. खोट्याचा पत्ताच सापडत नाही.

आणि खरोखर जीव लावायचा असेल तर आपल्याच गल्लीत दर हिवाळ्यात पिल्ले जन्मतात. आपल्या उन्हाची त्यांना सवय असते, आणि केसाळ विलायती कुत्र्यांना निमाडचा मे महिना फार जड जातो. आईपासून सुटण्याच्या वयाचे पिल्लू निवडावे, पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन जंताचे औषध आणि वेळेवर लसी द्याव्यात. पिल्लू डोळ्यांसमोर असते, आणि पैसे जातात ते फक्त औषधाला आणि दूध-भाकरीला.