जुलैत लावलेले रोप मे महिन्यात जगवायचे कसे?

पाऊस सुरू झाला की दरवर्षी आपल्या मोहल्ल्यांतून वृक्षारोपणाचे फोटो येतात. काम चांगलेच आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणूस, पक्षी, जनावर जे काही खाते तो त्याच्यासाठी सदका ठरतो, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पण खाणार कधी? झाड जगले तर ना!

शासनाने २०१६ मध्ये २ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. खड्डे खणायला माणसे मिळतात. मार्च ते मे पाणी घालायला कोण येणार, खरी अडचण तिथे आहे.

शहापूर तालुक्यात ती जास्तच जाणवते. तानसाचे धरण १८९२ चे. तेव्हापासून तानसाचे पाणी मुंबईला जाते, पुढे वैतरणा आणि भातसाचेही जाऊ लागले. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो. पिण्याच्याच पाण्याची ओढाताण असताना रोपांसाठी हंडा कोण देईल?

यावर एक उपाय आपल्या मशिदीतच आहे, तो म्हणजे वुजूचे पाणी. ते बहुतेक ठिकाणी थेट गटारात जाते. हिशेब करून बघा. एका वुजूला ३ लिटर धरले आणि दिवसभरात २०० वुजू झाले, तर ६०० लिटर पाणी होते. या पाण्यात साबण नसतो, झाडांना घालायला हरकत नाही. वुजूखान्याच्या नाल्याला पाईप जोडून बाहेर एक टाकी ठेवली की झाले. रोपाला आठवड्यातून दोनदा ५-६ लिटर दिले तरी शे-दोनशे रोपे आरामात निघतात. (नळ सोडून गप्पा मारत वुजू करायचा, असा याचा अर्थ नाही. वाहत्या नदीवरही पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण आहे.)

झाडे इथलीच निवडा: करंज, जांभूळ, कडुनिंब, बहावा, ताम्हण. ताम्हण तर आपल्या राज्याचे फूल. कब्रस्तानात कबरींपासून दूर, कुंपणाच्या कडेने लावा. वड-पिंपळ भिंतीजवळ नको, मुळे भिंत फोडतात.

टाकी आणि रोपांची जबाबदारी मोहल्ल्यातल्या मुलांना नावानिशी वाटून द्या, एकेकाला दहा रोपे. आणि पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण हवेच, कारण रोपे खाणाऱ्या बकऱ्या बहुतेक वेळा आपल्याच असतात.