बेचाळिसाव्या दिवसाचे अडीचशे रुपये

नायगाव पूर्वेला एकीकडे रांगोळीसाठी नावाजलेलं जूचंद्र, तर दुसरीकडे गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली उंच संकुलं. अशा वस्तीत बाळ-बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवशी दार वाजवते ती आशाताई. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि नोंदवही. बाळाला झोळीत ठेवायचं, ते हातपाय झाडायचं थांबून काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहायची, ताप बघायचा, दूध नीट ओढतंय का ते आईला विचारायचं. मग सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर अशा सहा फेऱ्या. या सहा फेऱ्यांचे मिळून तिला २५० रुपये ठरले आहेत. तेही वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि सुरुवातीच्या लसी झाल्या असतील, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व मूल दोघंही सुखरूप असतील तरच.

हे काम आरोग्यसेवेचं आहे, पण ते करणारीला सरकार कर्मचारी म्हणत नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा योजना आली तेव्हाच तिचं नाव ‘स्वयंसेविका’ ठरलं. पगाराऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला. पुढे शहरी आरोग्य अभियान आलं आणि शहरांतल्या वस्त्यांनाही आशा मिळाल्या. त्यांचंही नाव तेच राहिलं.

संघटित होण्यातली खरी अडचण या नावात आहे. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत काम करणारे लोक वेगवेगळ्या दारांतून आत आलेले असतात. वैद्यकीय अधिकारी राजपत्रित, उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी, आशा स्वयंसेविका. रुग्ण एकच, औषधांचा तुटवडाही एकच, पण भांडायची वेळ आली की प्रत्येकाचा मोर्चा वेगळा. राजपत्रित डॉक्टरांची संघटना ‘मॅग्मो’. जुलै २०१४ मध्ये तिच्या हाकेवर राज्यातले हजारो सरकारी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, पुढे केला. २०२३ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी कायम करण्याची मागणी घेऊन बाहेर पडले. त्याच महिन्यात आशाही संपावर होत्या. दोन संप, दोन निवेदनं, दोन बैठका.

अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांत नेमकं उलट घडलं. अलायना हेल्थ या रुग्णालय-समूहाच्या साठहून अधिक दवाखान्यांतल्या चारशेवर डॉक्टरांनी, फिजिशियन असिस्टंट आणि नर्स प्रॅक्टिशनर यांनी २०२३ साली मतदान करून एकच युनियन निवडली. वाटाघाटींच्या टेबलावर त्यांची बाजू एक झाली. आपल्याकडे असं व्हायला कायद्याची आडकाठी किती आणि हुद्द्यांच्या उतरंडीची किती, हा प्रश्न संघटनांनी स्वतःलाही विचारावा असा आहे.

तरीही आशांनी जे मिळवलं ते थोडं नाही. १८ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा आणि त्यांच्या गटप्रवर्तक बेमुदत संपावर गेल्या. दिवाळीच्या तोंडावर आरोग्यमंत्र्यांनी आशांना दरमहा ७,००० रुपये वाढ देण्याचा शब्द दिला आणि संप मिटला. शब्द दिला, पण जीआर काही निघेना. मंत्र्याचा शब्द आणि शासन निर्णय यांतलं अंतर सरकारी दारात हेलपाटे घालणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. डिसेंबरच्या अखेरीस आशांनी आधी ऑनलाइन कामांवर बहिष्कार टाकला. भेटी चालू, मोबाइलवरची माहिती बंद. तेवढ्यानं भागलं नाही, तेव्हा १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप झाला आणि फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानात ठिय्या बसला. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने वाढ मंजूर केली. ती ५,००० रुपयांची होती, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. सात हजारांचे पाच झाले, पण ते कागदावर आले.

ऑनलाइन बहिष्कारासारखा, रुग्णसेवा चालू ठेवून काम अडवण्याचा प्रकार इतरत्रही दिसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने फॅमिली डॉक्टरांना दिवसाला २५च रुग्ण तपासण्याचा पर्याय सुचवला, दवाखाना बंद न करता. घरोघर ओळखीच्या असलेल्या माणसांना संप जड जातो, म्हणून असे मधले मार्ग शोधावे लागतात.

कायदा मात्र हळूहळू सरकतो. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी सेविका अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. त्यांच्या पैशालाही सरकार मानधनच म्हणत होतं, पण न्यायालयाने ते वेतन मानलं. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. दहा लाखांवर बायकांचं कौतुक झालं, पण नेमणुकीच्या कागदावरचं नाव बदललं नाही.

संपाचा खर्च सगळ्यात आधी आशाच्या पदरात पडतो, हे नायगावहून चर्चगेट लोकल पकडून आझाद मैदान गाठणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मोबदला कामागणिक असतो, त्यामुळे चुकलेली फेरी म्हणजे बुडालेले पैसे. संप सुरू झाला त्या १२ जानेवारीला जन्मलेल्या बाळाचा बेचाळिसावा दिवस २२ फेब्रुवारीला येत होता. त्या दिवशी आशा मैदानात बसलेल्या होत्या.