शरीर मागितले तेवढेच देते

क्रीडामहोत्सव दहा दिवसांवर आला की कॉलेजच्या मैदानावर एकाएकी गर्दी उसळते. दहा दिवसांत काय होते? होते, पण आपण समजतो ते नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी मज्जासंस्थेची कमाई असते. मेंदू एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंना कामाला जुंपण्यास शिकतो. दंड भरणे ही नंतरची गोष्ट. त्यासाठी स्नायूंत नवी प्रथिने तयार व्हावी लागतात, आणि ते काम मुख्यतः विश्रांतीत व झोपेत चालते.

मग भोसरी-चाकणच्या कारखान्यात आठ तास राबणारा कामगार पहिलवान का होत नाही? कारण ओझे रोज तेच, हालचालही तीच. शरीर तेवढ्याला सरावते आणि तिथेच थांबते. त्यात विश्रांती अपुरी. झीज भरून निघत नाही आणि कंबर तेवढी धरते. व्यायामात भार हळूहळू वाढवायचा असतो आणि मध्ये उसंत द्यायची असते. आपले वस्ताद हे शास्त्र पुस्तकाविना जाणत. नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर कोणी मारायला लावीत नसे.

शरीर मागणीप्रमाणे कसे घडते, याचे उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठचे, सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसाला स्वतःचे वजन जेमतेम एक दशांश भासते, म्हणून जमिनीवर अशक्य ते पाण्यात जमते. पायांचा रेटा नाही, तेव्हा सारी ओढ खांदे, पाठ आणि दंडांवर. त्यांच्याकडे मागणी झाली आणि ते तयार झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. तो जागतिक विक्रम होता, आणि भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदकही. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. शेहेचाळीस वर्षे म्हणजे जरा जास्तच झाली!

मागणी थांबली की देणेही थांबते. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला पाय बाहेर काढल्यावर पाहावा, दुसऱ्यापेक्षा उघड बारीक दिसतो. दम तर दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो; ताकद त्याहून जास्त टिकते. तेव्हा स्पर्धा जानेवारीत असतील, तर पळायला सुरुवात दिवाळीच्या सुट्टीतच केलेली बरी.