विद्यार्थ्यांच्या कागदांचा योग्य ताबा

वही म्हणजे काय, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. रोजकीर्द आणि खातेवही यांवांचून पेढी चालत नाहीं, आणि दिवाळींत वहीपूजन झाल्यावांचून नवें वर्ष उजाडत नाहीं. बापाच्या हयातींतील उधारी मुलाच्या हातीं लागते ती वहीमुळें; आणि न्यायमंदिराची पायरी चढण्याचा प्रसंग आलाच, तर वकील पहिला प्रश्न करतो तोही वहीविषयींच. असें असतां, समाजानें विद्येच्या ज्या पेढ्या थाटल्या तेथें विद्यार्थी कोण आले, पुढें कोठें गेले, आणि तेथें असतांना त्यांनीं काय लिहिलें व छापलें, याची वही राखण्याचें काम एखाद्या हौशी ग्रंथपालाच्या मर्जीवर सोंपवावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. पगारपत्रकें जपलीं जातात, इमारतींचे नकाशे जपले जातात. ज्यांच्यासाठीं इमारती बांधल्या त्यांचें लिखाण मात्र रद्दीवाल्याच्या काट्यावर जातें.

हा विषय आज आम्ही घेतला तो गोवंडीच्या निमित्तानें. हार्बर मार्गानें गोवंडीस उतरणाऱ्या परक्या मनुष्याच्या कानीं प्रथम देवनारचा कत्तलखाना येतो, आणि १९२७ पासून वाढत गेलेला कचऱ्याचा डोंगर येतो. परंतु त्याच परिसरांत देशांतील एक नामांकित विद्यापीठ आहे, ही गोष्ट खुद्द मुंबईकरही पुष्कळ वेळां विसरतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही १९३६ सालीं नागपाड्यास, सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें, समाजकार्याचें शिक्षण देणारी शाळा म्हणून निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ड हे तिचे पहिले संचालक. १९४४ सालीं तिनें आजचें नांव घेतलें, १९५४ सालीं देवनारच्या जागेंत पंडित नेहरूंच्या हस्तें तिच्या वास्तूचें उद्घाटन झालें, आणि १९६४ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेच्या वयाची नव्वदी आतां आली आहे. माधव सदाशिव गोरे हे येथीलच विद्यार्थी. पुढें ते १९६२ पासून वीस वर्षें येथेंच संचालक होते आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. नर्मदेच्या खोऱ्यांत विस्थापितांचा लढा चालविणाऱ्या मेधा पाटकर याही येथल्याच. परंतु अशीं मोठीं नांवें लक्षांत ठेवण्यास दप्तराची गरज नसते. तीं वर्तमानपत्रेंच राखतात. आमचा प्रश्न आहे तो त्या शेंकडों पदवीधरांचा, जे गिरणीच्या कामगार-कल्याण कचेरींत, मुलांच्या न्यायालयांत, इस्पितळाच्या वॉर्डांत किंवा आदिवासी पाड्यावर आयुष्य घालवून निवृत्त झाले, आणि ज्यांच्या नांवापुढें प्रवेशाच्या नोंदवहींत एका ओळीपलीकडे कांहीं नाहीं.

या संस्थेच्या विद्यार्थ्याचें लिखाण इतर महाविद्यालयांतल्यासारखें केवळ वार्षिकांतील कविता व प्रवासवर्णन एवढेंच नसतें, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. त्यास आरंभापासून क्षेत्रकार्यास धाडण्याची पद्धति आहे. तो वस्तींत जातो, माणसांस भेटतो, आणि काय पाहिलें तें लिहून आणतो. १९३७ सालीं संस्थेनें बालमार्गदर्शन केंद्र काढलें. फाळणीनंतर येथील अध्यापक व विद्यार्थी निर्वासितांच्या छावण्यांत कामास गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं, तेव्हांही घरोघर फिरून पाहणी करणाऱ्यांत हे विद्यार्थी होते. आणि पायाखालच्या एम-पूर्व विभागाची मोजदाद तर त्यांनीं अलीकडेच केली; २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालांत हा विभाग सर्वांत तळाशीं होता. म्हणजे या विद्यार्थ्यांच्या टांचणवह्या ही मुंबईच्या व महाराष्ट्राच्या गरीब माणसाची एक प्रकारें बखरच होय, आणि ज्यांची बखर दुसरें कोणीहि लिहीत नाहीं त्यांची ती आहे.

भोपाळचें उदाहरण आम्ही जरा विस्तारानें घेतों. डिसेंबर १९८४ मध्यें विषारी वायूनें त्या शहरांत कहर केला. पुढल्याच वर्षाच्या आरंभीं टाटा संस्थेच्या पुढाकारानें समाजकार्य शिकणारे विद्यार्थी तेथें गेले, आणि गल्लोगल्लीं हिंडून कोणाच्या घरीं कोण दगावलें, कोण आजारी आहे, याची त्यांनीं नोंद केली. १९८९ सालीं ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. मृतांचा व जखमींचा आंकडा त्या वेळीं फार कमी धरला गेला, या मुख्य कारणावरून भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें फेटाळली. घटनेनंतर अडतीस वर्षांनींही वाद चालला होता तो माणसें मोजण्याचाच! अशा वेळीं घटनेच्या चार-सहा आठवड्यांत, पीडिताच्या उंबऱ्यावर बसून, कोणताही स्वार्थ नसलेल्या मुलानें लिहिलेल्या कागदाचें मोल काय असेल, हें ज्यानें एक तरी दावा चालविला आहे त्यास समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

येथें कायद्यांतील एक जुनें तत्त्व सांगावेसें वाटतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, तीस वर्षांचा जुना दस्तऐवज 'योग्य ताब्यांतून' न्यायालयापुढें आला, तर त्यावरील सही व अक्षर खरें आहे असें न्यायाधीशास गृहीत धरतां येईल. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलांत आला, तरी हें तत्त्व ९२ व्या कलमांत जसेंच्या तसें राहिलें आहे. कागद जुना असून भागत नाहीं; तो जेथें असावयास हवा तेथेंच इतकीं वर्षें होता, हें दाखवितां आलें पाहिजे. माळ्यावर सांपडलेलें गठ्ठ्यांतलें चिटोरें आणि संस्थेच्या दप्तरांत क्रमांक घालून ठेवलेला कागद यांत जें अंतर आहे तें हेंच.

योग्य ताबा नसला म्हणजे काय होतें? या शहराचाच इतिहास पाहावा. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं आपली सभा काढली, १८४९ सालीं मुलींच्या शाळा उघडल्या, आणि त्यांच्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचें मासिक १८५० पासून निघूं लागलें. तें छापलें गेलें व ग्रंथालयांत राहिलें, म्हणून त्या तरुणांची धडपड आज आपणांस वाचतां येते. मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. ची परीक्षा १८६२ सालीं झाली, आणि तींत रानडे व भांडारकर उतरले, हेंही विद्यापीठ आपल्या पदवीधरांचीं नांवें वार्षिक पंचांगांत छापीत असे म्हणून निर्विवाद सांगतां येतें. उलट, याच रानड्यांनीं विद्यार्थिदशेंत मराठेशाहीच्या बाजूनें निबंध लिहिला व त्यापायीं प्रिन्सिपॉल ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति कांहीं काळ बंद ठेवली, ही गोष्ट आपण ऐकतों ती चरित्रकारांच्या तोंडून. कारण शिक्षा झालेला निबंध कोणतें कॉलेज जपून ठेवणार?

डॉ. आंबेडकरांची हकीकत याहून बोधक आहे. भारतांतील जातींवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध हा मुळांत कोलंबिया विद्यापीठांत, १९१६ च्या मे महिन्यांत, अध्यापकांच्या वर्गापुढें वाचलेला विद्यार्थ्याचा निबंध होता. पुढल्या वर्षीं तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला म्हणून टिकला. १९१७ सालीं विलायतेहून परततांना त्यांचें सामान वेगळ्या जहाजानें धाडलें होतें. तें जहाज महायुद्धांत बुडालें, आणि त्यांची जमविलेली ग्रंथसंपत्ति त्याबरोबर गेली. परंतु लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयानें एका परदेशी विद्यार्थ्याच्या कागदांची फाईल आजतागायत राखली आहे, आणि तें विद्यालय ती अभिमानानें जगास दाखवितें. खाजगी माणसाचें सामान समुद्रांत जातें. संस्थेनें ठेवलेली फाईल शंभर वर्षें टिकते.

आणि १९४२ चें काय? उषा मेहता व त्यांच्या तरुण सोबत्यांनीं त्या वर्षीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, आणि नोव्हेंबरांत पोलिसांनीं तो पकडला. त्या रेडिओवरून काय बोललें गेलें हें आज शब्दशः वाचतां येतें, तें कशामुळें? पोलीस खातें रोज कान देऊन तें उतरून घेत होतें, म्हणून! ज्या सरकारास ती वाणी दडपावयाची होती त्याच सरकारच्या दप्तरानें ती पुढील पिढ्यांस पोंचविली. परक्या अंमलदाराच्या संशयावर आपला इतिहास जगावा, यांत राष्ट्राची शोभा नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हां सरदारांचीं व कारकुनांचीं पत्रें माळ्यांवरून उतरवावयास आपण शिकलों. तीच नजर विद्यार्थ्याच्या कागदाकडे वळावयास कोणती हरकत आहे?

आक्षेप येतात ते आम्ही जाणतों. पहिला, जागेचा, तो आम्हांस फारसा खरा वाटत नाहीं. दुसरा मात्र गंभीर आहे. विद्यार्थ्याच्या टांचणवहींत बालगृहांतील पोराचें नांव असतें, मारहाण सोसणाऱ्या बाईचा पत्ता असतो. प्रवेशअर्जांत जात व बापाचें उत्पन्न असतें. हें सारें चव्हाट्यावर आणावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु झांकून ठेवणें निराळें आणि जाळून टाकणें निराळें. नांवें असलेले कागद ठरावीक वर्षें मोहोरबंद ठेवावे व मग अभ्यासकास अटीनें दाखवावे, हा सर्वत्र मान्य असलेला मार्ग आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानेंही अभिलेख व संशोधन यांसाठीं ठरविलेल्या मर्यादेंत सूट ठेवली आहे, त्या माहितीवरून त्या माणसाविषयीं कोणताही निर्णय घेतला जाऊं नये एवढ्याच अटीवर. लेखनाच्या हक्काचा बाऊ करणाऱ्यांसही उत्तर आहे. विद्यार्थ्याच्या लेखाचा स्वामी विद्यार्थीच, आणि तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. तथापि आपल्याजवळ असलेल्या छापील प्रतीची जतनासाठीं विजेच्या यंत्रांत नक्कल ठेवण्याची मुभा अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास २०१२ च्या दुरुस्तीनें दिली आहे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाहीं, म्हणून तो आम्हीच बोलतों. विद्यार्थ्यांचीं पत्रकें पुष्कळदां चालकांविरुद्ध असतात. शुल्कवाढीचा निषेध, वसतिगृहाच्या तक्रारी, राजकारणांतील तीव्र मतें, हें त्यांत यावयाचेंच. चालक बदलले कीं आधींच्या चालकांची बदनामी पुसावी असा मोह होतो, आणि कधीं नव्या चालकांस स्वतःचीच नकोशी होते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानें सरकारी कागद नियमाबाहेर नष्ट करणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विद्यार्थ्याच्या भित्तिपत्रकास असा कोणी वाली नाहीं. म्हणूनच काय ठेवावें हें ठरविण्याचा अधिकार संचालकाच्या हातीं असूं नये. तो अभिलेखपालाच्या हातीं, लेखी नियमानें असावा, आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधि त्या समितींत असावा. मजकूर आवडला नाहीं या कारणानें कोणताही कागद बाहेर काढतां येऊं नये.

टाटा संस्थेनें आपला अभिलेख-संग्रह मांडण्यास आरंभ केला आहे, आणि १९४० पासून निघणारें तिचें समाजकार्याचें इंग्रजी त्रैमासिक तर प्रसिद्धच आहे. हें समाधानाचें आहे. परंतु अध्यापकांचें त्रैमासिक आपोआप टिकतें. सायक्लोस्टाइलवर काढलेला विद्यार्थ्यांचा अंक टिकत नाहीं. तो कागद आंबट पडून ठिसूळ होतो, खाडीच्या दमट हवेंत त्यास बुरशी चढते, आणि उरलासुरला वाळवी व कसर यांच्या वांट्यास जातो. १९९० नंतरच्या विद्यार्थ्यांची गति तर याहून वाईट: त्यांचें लिखाण फ्लॉपींत गेलें, आणि फ्लॉपी वाचणारें यंत्र आतां शोधूनही सांपडेना. शेजारींच लोकसंख्या विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. ती १९९२ पासून साऱ्या देशाच्या कुटुंबांची आरोग्य-पाहणी करीत आली आहे. त्याच वाटेवर, नव्वद वर्षांत आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांची अकारविल्हे यादी करणें कांहीं अशक्य काम नव्हे.

आमचे कांहीं वाचक स्वतः या संस्थेंत शिकले असतील, कांहींच्या घरीं वडील किंवा आत्या शिकली असेल. त्यांनीं कपाटाचा तळाचा खण एकदां काढून पाहावा. वार्षिकाचा एखादा अंक, स्नेहसंमेलनाची पत्रिका, बॅचचें छायाचित्र, क्षेत्रकार्याची वही, जें मिळेल तें झाडून, छायाचित्राच्या पाठीमागें शिसपेन्सिलीनें नांवें व साल लिहून, संस्थेच्या ग्रंथालयाकडे पोंचतें करावें आणि त्याची पावती मागून घ्यावी. ही पावती महत्त्वाची आहे; तीवर तारीख, देणाराचें नांव आणि कागदाचें वर्णन असावें, म्हणजे तीस वर्षांनीं तो कागद कोठून आला हें कोणासही दाखवितां येईल. आणि हें पावसाळ्यापूर्वीं करावें.