बेंजोच्या अँप्लिफायरचा तीन पिनांचा प्लग



आपल्या गावच्या बेंजोचा आवाज तुम्ही सर्वांनी ऐकलाच असेल. बेंजोला बटणे असतात आणि खाली पोलादी तारा असतात. नुसत्या बेंजोचा आवाज लहान असतो. तो अँप्लिफायर मोठा करतो. अँप्लिफायरला वीज प्लगमधून मिळते. प्लग ही साधी वस्तू वाटते, पण तो नीट नसेल तर माणसाचा जीव जाऊ शकतो. माझे बाबा बेंजो वाजवतात आणि काका वायरमन आहेत. म्हणून मला ही माहिती मिळाली.

गणपतीत कोणीतरी प्लग काढताना वायर धरून ओढली. प्लगची टोपी फुटली आणि आतली हिरवी वायर निसटली. तरी अँप्लिफायर चालतच होता. मंडळातला एक दादा म्हणाला, "चालतंय की! अगदीच बंद पडला तर उघड्या तारा भोकात घालू आणि काडेपेटीच्या काड्या खोचू." काका म्हणाले, "अजिबात नाही. आवाज दोन पिनांवर येतो, पण जीव तिसऱ्या पिनेवर असतो."

त्याचा अर्थ असा. प्लगमध्ये तीन वायरी असतात. लाल वायरीतून वीज येते. काळीतून ती परत जाते. हिरवी वायर अर्थिंगची. काही वायरींत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी असे रंग असतात. हिरवी वायर एका टोकाला अँप्लिफायरच्या लोखंडी खोक्याला जोडलेली असते. दुसऱ्या टोकाला ती मोठ्या पिनेतून, बोर्डातून थेट जमिनीत जाते. तिथे खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून पत्रा किंवा पाईप पुरलेला असतो.

समजा, आतली लाल वायर सुटून खोक्याला लागली. अर्थिंग असेल तर वीज हिरव्या वायरीतून जमिनीत धावते, एकदम जास्त वीज वाहते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर फ्यूज उडत नाही. खोके तसेच करंट धरून बसते. बेंजोची वायर आणि माईकसुद्धा त्या खोक्यालाच जोडलेले असतात. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची असते. पावसात, ओल्या जमिनीवर, अनवाणी उभ्या माणसाने हात लावला तर काय होईल? बाबांचा हात तर सारखा तारांवरच असतो. हे ऐकून मला फार भीती वाटली.

काकांनी प्लग असा बसवला. आधी अँप्लिफायर बोर्डापासून पूर्ण वेगळा केला. नुसते बटण बंद केले नाही. मग वायरीचा खराब तुकडा कापून टाकला. नवीन प्लग ६ अँपिअरचा आणला. २३० ला ६ ने गुणले की १३८० वॅट होतात. आमचा अँप्लिफायर त्यापेक्षा पुष्कळ कमी वीज घेतो, म्हणून तो पुरतो. वायरी सोलून बारीक तारांना पीळ दिला, एकही तार बाहेर राहू दिली नाही. प्लगच्या आत एल, एन, ई अशी अक्षरे होती. लाल एलला, काळी एनला आणि हिरवी ईला, म्हणजे मोठ्या पिनेला. हिरवी वायर थोडी लांब ठेवली, म्हणजे ओढ बसली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. शेवटी वायर पकडपट्टीखाली घट्ट आवळली. पट्टी वायरीच्या बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या वायरींवर नाही.

मग काकांनी मीटरची एक सळई मोठ्या पिनेला आणि दुसरी खोक्याला लावली. मीटर वाजले. लहान पिन आणि खोके यांच्यात लावली तेव्हा वाजले नाही. काका म्हणाले, "आता लाव." मग बेंजो वाजला.

मोठी पिन लांब का असते, हेही मी विचारले. प्लग घालताना ती सर्वांत आधी लागते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. मोबाईलच्या चार्जरला मात्र दोन पिना चालतात, कारण त्याचे खोके प्लास्टिकचे असते.

मुलांनो, लक्षात ठेवा :
१) वायर धरून ओढू नका, प्लग धरून काढा.
२) भोकात उघड्या तारा आणि काड्या कधीच घालू नका.
३) भोकात बसत नाही म्हणून मोठी पिन कापू देऊ नका.
४) प्लग आपण उघडायचा नाही. मोठ्या माणसांना किंवा वायरमनला सांगायचे.

पालकांना विनंती, आज घरी गेल्यावर लोखंडी वस्तूंच्या प्लगच्या पिना मोजाव्यात. तीन भरल्या पाहिजेत.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी