टाकाऊ बाटली, विणकाम आणि दिव्याची छत्री

कार्यानुभवाच्या तासास साहित्य मिळत नाही, ही शिक्षकबंधुभगिनींची नेहमीची अडचण होय. परंतु जे साहित्य गावोगावी नको तितके पडलेले असते, त्याचा विचार आपण क्वचितच करतो. प्लास्टिकची रिकामी बाटली हे असेच एक साहित्य आहे. तिचा उपयोग कसा करता येतो, याचे एक बोधप्रद उदाहरण दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात पाहावयास मिळते.

तेथील नद्यांत व अरण्यांत साचणाऱ्या बाटल्यांचे काय करावे, हा प्रश्न अल्वारो कातालान दे ओकोन या स्पॅनिश अभिकल्पकापुढे २०११ साली आला. त्यांना चहा घुसळण्याच्या जपानी रवीचे स्मरण झाले. ही रवी बांबूच्या एकाच कांड्याची असते. वरचा भाग मूठ म्हणून अखंड ठेवून खालच्या भागाच्या बारीक काड्या चिरतात. बाटलीचेही तसेच करता येईल, हे त्यांनी ताडले. बाटलीचा गळा विजेची तार व दिवा धरून ठेवतो आणि धडाच्या उभ्या पट्ट्या कापल्या की त्यांवर विणकाम करता येते. हे विणकाम एपेरारा-सियापिदारा जमातीच्या कारागिरांनी केले. सशस्त्र संघर्षामुळे कौका प्रांतातील आपली घरे सोडून हे लोक बोगोटा शहरी आले होते. भूमी सुटली, तरी हातातील कला सुटली नव्हती. पुढे चिली, इथिओपिया, जपान येथेही हा उपक्रम झाला आणि प्रत्येक ठिकाणी छत्रीवर त्या त्या देशाचे विणकाम उमटले.

आपल्या शाळेत हे काम असे करावे. दोन लिटरची बाटली स्वच्छ धुऊन तिचा तळ कापून टाकावा. खांद्यापर्यंत उभे छेद देऊन सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीच्या २१ पट्ट्या कराव्यात. कडा धारदार होत असल्याने हे कापकाम शिक्षकांनी स्वतः करावे. नंतर सुतळी किंवा बांबूची पातळ कामटी एका पट्टीवरून व दुसरीखालून नेत खांद्यापासून खाली विणत यावे. पट्ट्या हळूहळू बाहेर फाकविल्या की छत्रीचा आकार येतो.

पट्ट्या २१ च का, २० का नकोत, हा प्रश्न मुलांस अवश्य विचारावा. संख्या सम असेल तर दुसऱ्या फेरीत सुतळी पुन्हा त्याच पट्ट्यांवरून जाते व वीण बसत नाही; विषम असेल तर प्रत्येक फेरीत जागा आपोआप बदलते. सम-विषम संख्यांचा हा पाठ मूल सहसा विसरणार नाही.

एक सावधगिरी कटाक्षाने पाळावी. या जातीचे प्लास्टिक सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. म्हणून छत्रीत तारेचा जुना दिवा किंवा तेलाची ज्योत कधीही ठेवू नये. कमी शक्तीचा एलईडी दिवाच वापरावा व तोही विणीस टेकू देऊ नये. विजेची जोडणी जाणकार तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावी.

विणकामाच्या पाठासाठी गावातील सुपे-टोपल्या विणणाऱ्या कारागिरास सन्मानाने शाळेत पाचारण करावे. त्याचे मूल कदाचित आपल्याच वर्गात शेवटच्या रांगेत बसत असेल. आपल्या वडिलांच्या विद्येपुढे गुरुजीही शिष्य होऊन बसले आहेत, हे त्या मुलाने एकदा पाहणे फार मोलाचे आहे.