अंगठ्याला कळणारी जागा

पहाटे 5

शेगडीवर दोन भांडी आहेत. एकात चहा, दुसऱ्यात दाभणं. आज भालकी तालुक्यातल्या एका गावात तीन गोऱ्ह्यांना येसन घालायची आहे, म्हणून तीन दाभणं आणि तीन सुती दोऱ्या वीस मिनिटं उकळायच्या. लहानपणी मी एकच दाभण सगळ्या आळीतून फिरताना पाहिलं आहे. 2022 साली लम्पीची साथ आली तेव्हा रक्त लागलेली सुई एका जनावराचा रोग दुसऱ्याला देऊ शकते, हे मी गोठ्यागोठ्यात जाऊन सांगितलं. तेव्हापासून जनावरागणिक वेगळं दाभण, हा नियम मी मोडलेला नाही.

पुस्तकात ‘वेसण’ लिहितात. आमच्या तोंडी येसन, कन्नड घरांत मूगुदार. 1956 साली बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे, आजच्या कर्नाटकात राहिले. देवणी गुरं मात्र दोन्हीकडच्या गोठ्यांत तीच राहिली.

सकाळी 7

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होऊन तीनच दिवस झालेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी आली आहे आणि गार वारा सुटला आहे. या कामाला मी हेच दिवस मागून घेतो. थंडीत माश्या कमी असतात, त्यामुळे जखमेत अळ्या पडण्याची भीती कमी. औताचं कामही आता हलकं असतं. आज टोचलेलं नाक उन्हाळी नांगरटीपर्यंत पक्कं होतं. पोळ्याच्या तोंडावर, चिखलात आणि माश्यांत, ‘उद्या मिरवायचाय, आजच घाला’ म्हणून कोणी आलं तर मी हात जोडून परत पाठवतो.

सकाळी 9

गोठ्यात तिघं उभे आहेत. दोन वानेरे, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. तिसरा शेवरा, अंगभर काळे ठिपके. लोंबत्या कानांचे, शांत डोळ्यांचे. वयं दीड ते दोन वर्षांची. याहून लहान वयात नाकाचा पडदा कोवळा असतो आणि दोरी त्याला कापत जाते.

पहिल्याला खोड्यात घेतलं. डोकं आवळून बांधलं, बधिर करणारं औषध दिलं आणि थांबलो. ही दहा मिनिटं शेतकऱ्याला जड जातात. “आमच्या बापानं कवा भूल दिली न्हाई, डॉक्टर,” गोऱ्ह्यांचे मालक तात्या म्हणाले. मी म्हटलं, “तात्या, याला पुढं दहा-बारा वर्षं माणसाच्या हाताखाली राहायचंय. माणसाच्या हाताची पहिली ओळख दुखण्याची कशाला?” तात्या काही बोलले नाहीत, पण गोऱ्ह्याच्या मानेवरून हात फिरवायला लागले.

मग खरं काम. अंगठा एका नाकपुडीत, तर्जनी दुसरीत. दोन नाकपुड्यांमधला पडदा बोटांत धरून हळूहळू पुढे सरकायचं. आत कूर्चा लागते, कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी ताठ. तिच्यापुढे, नाकाच्या शेंड्याच्या अलीकडे, एक पातळ मऊ जागा आहे. तिथे दोन्ही बोटं जवळजवळ भेटतात. टोचायचं ते तिथेच. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला दोन्ही बाजूंच्या अस्तरातून पोषण मिळतं. म्हणून तिथली जखम चिघळली की भरता भरत नाही. ही जागा मला बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चित्रावर दाखवली होती. अंगठ्याला मात्र ती आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या कन्नड शेतकऱ्याने शिकवली. माझा हात धरून ते एकच शब्द म्हणत राहिले, मेल्लगे. सावकाश.

दाभण सरळ आत गेलं, मागोमाग दोरी आली. एका श्वासाचं काम. दोरीची टोकं शिंगांमागे सैल बांधली, जखम जंतुनाशकाने पुसली आणि गाठ भोकाजवळ येत नाही ना, ते पाहिलं. नायलॉनची दोरी मी वापरू देत नाही. ती स्वस्त आणि टिकाऊ असते, पण ओल्या जखमेत करवतीसारखी चालते.

सकाळी 11:30

तिघांचं झालं. आता शेतकऱ्याचं काम सुरू होतं, आणि ते समजावायला मला टोचण्याहून जास्त वेळ लागतो. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. या पाण्याने रोज दोनदा जखम धुवायची, खपली भिजून आपोआप सुटू द्यायची, नखाने काढायची नाही. हळद-तेलाचा लेप भरायचा नाही, कारण त्याखाली घाण कोंडते. दोरी गव्हाणीच्या खिळ्याला अडकणार नाही हे पाहायचं. आणि तीन आठवडे जनावर न्यायचं ते म्होरकीने. येसनीला हात लावायचा नाही.

“मग कवा धरू येसन?” तात्यांच्या मुलाने विचारलं.

“मी येऊन बघतो, मग.”

दुपारी 1:30

तात्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि ताक. जेवताना मुलाने विचारलं, हे कायद्यात बसतं का? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात येसन घालण्याला सूट आहे, पण ठरवून दिलेल्या पद्धतीने घातली तरच. मला ती अट मोलाची वाटते. ज्याचं काम नुसत्या म्होरकीने भागतं त्याने येसन घालूच नये, हेही मी त्याला सांगितलं.

दुपारी 3

परतताना मुद्दाम एका गोठ्यात थांबलो. इथल्या बैलाचं नाक फाटलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच याची येसन घातली आणि निघून आलो. धुण्याचं सांगितलं नाही, म्होरकीचं सांगितलं नाही. आठव्या दिवशी त्याला येसनीला धरून बाजारात नेलं. तो बुजला, माणसाने ओढलं आणि पडदा शेंड्यापर्यंत फाटला. मालकाने मला कधी दोष दिला नाही. दोष माझा होता. आज बैल म्हातारा झाला आहे. मी त्याच्या कपाळावर हात ठेवतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो.

संध्याकाळी 4:30

महिन्यापूर्वी टोचलेला गोऱ्हा पाहिला. भोकाच्या कडा कोरड्या, गुलाबी, दाबलं तरी तो डोकं झटकत नाही. दोरी मळली होती. नव्या दोरीचं टोक जुन्या दोरीला शिवलं आणि जुनी अलगद ओढून घेतली, तशी नवी आपली जागा घेऊन बसली. मग मालकिणीच्या हातात येसन दिली. तिने दोन बोटांनी नुसती उचलली आणि तो मागोमाग चालू लागला. चांगल्या हाताला एवढंच लागतं.

संध्याकाळी 7:30

घरी भाची आली आहे, कलबुर्गीला शिकते. तिच्या नाकाच्या पडद्यात बारीक रिंग आहे, दहा दिवसांपूर्वी घातलेली. माझ्या आजीच्या जुन्या फोटोतली बुलाख पाहून तिने ती हौसेने घालून घेतली. ताई घाबरली होती. मी आधी जागा पाहिली. कूर्चेपुढची मऊ जागा, बरोबर. पण कडा सुजल्या होत्या.

“रिंग रोज फिरवतेस का?”

“मैत्रिणी म्हणाल्या, मामा, नाही फिरवली तर चिकटते.”

मी तिला सकाळचंच सगळं सांगितलं. फिरवलं की भरू लागलेली कातडी पुन्हा तुटते. हात साबणाने धुतल्याशिवाय नाकाला लावायचे नाहीत. औषधांच्या दुकानात निर्जंतुक सलाइन मिळतं, ते दिवसातून दोनदा. सहा ते आठ आठवडे रिंग बदलायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर उद्याच घ्यायचं. आणि ताप आला, पू झाला, नाक आतून फुगून बंद पडलं, तर त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे. अस्तराखाली रक्त किंवा पू साठला तर कूर्चा मरते आणि नाकाचा बांधा खाली बसतो. ताईला म्हटलं, रागावू नकोस. आपल्या आजीनेही हे सोसलं आणि मिरवलं. पोरीला फक्त जपायला मदत कर.

रात्री 10

तात्यांचा फोन. माझ्या पोटात धस्स झालं.

“डॉक्टर, तिघांनी बी आंबोण खाल्लं. धाकटा जरा रुसलाय. पोरानं मिठाचं पाणी उकळून ठेवलंय सकाळसाठी, फडकं बी.”

“आणि म्होरकी?”

“म्होरकीलाच बांधलेत. येसन कुणी धरणार न्हाई, म्या झोपलोय गोठ्यात.”

फोन ठेवला. आतल्या खोलीत ताई भाचीच्या नाकाशी कापूस धरून हळू आवाजात काही सांगत होती. मी दिवा मालवला.